तान्हा पोळ्यावरचं चित्रपुस्तक : २४ पानांत किती मावेल?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या आमच्या बालवाचनकट्ट्यासाठी चार ते सात वर्षांच्या मुलांचं एक मराठी चित्रपुस्तक काढायचं चाललंय. विषय तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा, लाकडी बैलांचा पोळा. आतली पानं २४, कव्हर वेगळं, प्रती ३००. चित्रं काढणारी मुलगी कला महाविद्यालयात शिकते. तिचा हात चांगला आहे, पण पुस्तकाचं काम पहिलंच.

मसुदा तयार आहे, मजकूर साधारण १,१०० शब्द. त्यात खांदशेकणी (आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकणं), बैलांची सजावट, तोरणाखालचा पोळा, झडत्या (पोळ्यात म्हणायची लोकगीतं), आजीची पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी लाकडी बैल, घरोघरचा बोजारा (बैल नेला की मुलांना मिळणारे पैसे, खाऊ), मारबत (मिरवून जाळायचा मोठा पुतळा), बडगे (तिच्यासोबतचे टीकेचे पुतळे) असं सगळं आलंय. शेवटी पुरणपोळीची कृती.

अडचणी अशा : एवढं सगळं मावेल का, आणि नसेल तर काय काढायचं? स्वयंपाक चित्रांत कसा दाखवायचा की तो पाककृतीचा तक्ता वाटणार नाही? मारबत घ्यावी का, लहान मुलं घाबरतील असं काही पालक म्हणतात. आणि छापखान्याकडे जाण्याआधी काय ठरवून ठेवायचं?

कच्चाखर्डा

१,१०० शब्द झाले की ती सचित्र गोष्ट होते, चित्रपुस्तक राहत नाही. अंदाजासाठी स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या वाचनपायऱ्या बघा : पहिली २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १,५०० पर्यंत. तुमचा वयोगट पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचा. ३०० ते ३५० शब्दांवर या.

पानांचा हिशेब आधी. मध्ये पिना मारलेल्या २४ पानी पुस्तकात पान १ आणि पान २४ सुटी असतात. उरलेली २-३, ४-५ अशी २२-२३ पर्यंत ११ जोडपानं. म्हणजे तुमच्या हातात ११ मोठी चित्रं आहेत, २४ नाहीत. श्रेयनामावली आणि प्रकाशनाची माहिती कव्हरच्या आतल्या बाजूला टाका, पान १ शीर्षकाला, पान २४ कृतीला. जोडपानाला सरासरी ३० शब्द, काहींवर जास्त, काहींवर चारच, एखाद्यावर एकही नाही.

आता काय काढायचं. तुमच्या यादीत तीन दिवसांचे नऊ विषय आहेत, म्हणून तो माहितीपट झालाय. मुलाला एकच धागा लागतो. तो मसुद्यातच आहे : मोठ्या पोळ्याला खऱ्या बैलाला पुरणपोळीचा नैवेद्य मिळतो, मग माझ्या लाकडी बैलाला? एवढ्या एका प्रश्नावर पुस्तक उभं राहतं. पहिल्या पाच-सहा जोडपानांत पुरणपोळी होते, पोर मधे मधे लुडबुड करतं. उरलेल्यांत लाकडी बैल सजतो, निघतो, बोजारा घेऊन परत येतो. मोठा पोळा, तोरण, झडत्या हे सगळं एका जोडपानाच्या चित्रात, शब्दांशिवाय. खांदशेकणी काढून टाका. ती पोळ्याच्या आदल्या दिवशीची, तिच्यासाठी तिसरा दिवस उघडावा लागतो. फारच जीव अडकला असेल तर तिचं वेगळं पुस्तक करा, विषय तेवढा मोठा आहे.

चित्रात दिसतं ते लिहू नका. "आजीने हिरवं लुगडं नेसून पितळी पातेल्यात पिवळी डाळ शिजवली" यातला प्रत्येक शब्द चित्रकार काढणारच आहे. तिथे लिहा : "आजीने एक डाळ दाबून पाहिली. अजून नाही!" चित्रात जे दिसू शकत नाही (वास, आवाज, वाट पाहणं, मनातला हट्ट) ते शब्दांचं काम. आणि "अजून नाही" हे पालुपद तीन-चारदा येऊ द्या. वाचून दाखवताना तिसऱ्या वेळेला मुलं स्वतःच ते म्हणतात.

पान उलटणं फुकट घालवू नका. प्रश्न किंवा अर्धवट राहिलेली कृती उजव्या पानाच्या शेवटी, उत्तर पुढच्या जोडपानावर.

चित्रं सुरू करायच्या आधी सहा ए-फोर कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, २४ पानांची डमी झाली. त्यात काड्यांची माणसं काढा, मजकूर पेन्सिलीने लिहा आणि पुस्तक न पाहिलेल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळेल तिथलं वाक्य बदलायचं, त्याला समजावत बसायचं नाही.

पुरणयंत्र

स्वयंपाकाचं सांगते. पुरणपोळी चित्रपुस्तकाला फार सोयीची, कारण ती दर टप्प्याला रूप पालटते. पण टप्पे नीट निवडायला हवेत.

भिजलेली डाळ. शिजलेली डाळ, बोटाने दाबली की मोडणारी पण पिठलं न झालेली. चाळणीतून निथळताना खाली भांड्यात पडणारा कट. मग गूळ, आणि इथेच गंमत आहे : घट्ट झालेली डाळ गूळ पडला की पुन्हा पातळ होते. पोराला वाटतं बिघडलं! हे तुमचं पान उलटण्याचं ठिकाण. मग ते आटतं, रटरटतं, थेंब उडतात, म्हणून लांब दांड्याचं उलथनं आणि पोर चार हात लांब. उलथनं पुरणात उभं राहिलं की झालं. ही खूण चित्रात इतकी स्पष्ट दिसते की शब्दांची गरजच नाही. त्यानंतर गरम असतानाच वाटणं, कारण गार झालं की पुरण घट्ट बसतं आणि यंत्र फिरत नाही.

चित्रकार कुठे चुकतात? पुरणयंत्राऐवजी चकलीचा सोऱ्या काढतात. पुरणयंत्राला तीन पाय, वर फिरवायचा दांडा आणि खाली भोकांची जाळी असते. पुरण ताटलीत पडतं. पोळी फुलक्यासारखी टम्म फुगलेली काढतात. भरपूर पुरणाची पोळी सहसा अशी फुगत नाही, तिच्यावर खरपूस डाग येतात आणि बाजूने तूप सुटतं. आपल्याकडे पुरण कणकेपेक्षा जास्त असतं, तेव्हा पोळी जाडसर आणि आतलं पुरण जाणवणारी हवी. रंगही बघा : गुळाचं पुरण तांबूस तपकिरी, साखरेचं पिवळं. मजकुरात गूळ आणि चित्रात लिंबासारखं पिवळं, असं नको.

ताटात मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. सोबत कढी आणि वडे दाखवा, विदर्भातलं ताट ओळखू येईल. आणि एक तांत्रिक घोळ : रचना जमावी म्हणून चित्र संगणकावर आरशासारखं उलटवतात. मग ताट उलटं होतं आणि सगळं घर डाव्या हाताने जेवायला लागतं. घरी मुलं ते पटकन पकडतात.

पान २४ ची कृती प्रमाणासह द्या : १ वाटी हरभरा डाळ, १ वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर वेलची-जायफळ, बाहेरच्या आवरणाला दीड वाटी कणीक, २ चमचे तेल, चिमूटभर मीठ. कणीक सैल भिजवून किमान तासभर झाकून ठेवायची. साधारण सात-आठ पोळ्या होतात. प्रत्येक पायरीपुढे छोटा हात किंवा मोठा हात काढा : डाळ धुणं, वेलची सोलणं, पुरणाचे गोळे करणं छोट्या हाताचं, निथळणं, आटवणं, वाटणं, तवा मोठ्या हाताचं. पुरण सैल राहिलं तर लाटताना पोळी फाटते. त्यावर उपाय म्हणून पुन्हा मंद आचेवर आटवायचं, पीठ मिसळायचं नाही, हेही एका ओळीत टाका. घरी करून पाहणाऱ्याला नेमकं तेच लागतं.

एक विनंती. पुरण आटवायला दम लागतो, तिथे बाबा किंवा काका दाखवा की. सगळं आजीच्याच माथी का?

गेरूचे ठिपके

चित्रांबद्दल थोडं, कारण चुका बहुतेक संदर्भाच्या फोटोंतून येतात.

पोळा श्रावण अमावस्येला, म्हणजे भर पावसाळ्यात. मागे पिवळं सुकं गवत आणि निळंभोर आकाश नको. हिरवं रान, चिखल, छत्र्या, ढग. पळस दाखवायचा तर नुसती पानं. तो केशरी फुलतो होळीच्या सुमाराला. दाराशी पळसाच्या फांद्या लावतात त्याही हिरव्याच. आणि नागपूर म्हणून केशरी संत्र्यांनी लगडलेलं झाड काढायचा मोह आवरा जी. आंबिया बहाराची (संत्र्याच्या हिवाळी हंगामाची) फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात तयार होतात, पोळ्याला ती हिरवी असतात.

बैल : नेटवर "बैलपोळा" टाकलं की लांब, उभ्या शिंगांचा खिल्लार पुढे येतो. तो पश्चिम महाराष्ट्रातला. नागपूर-वर्ध्याकडचा गवळाऊ पांढरा किंवा राखी, तोंड लांबट, शिंगं आखूड आणि जरा मागे वळलेली. सजावटीत झूल, बाशिंग, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची आणि कवड्यांची माळ, अंगावर गेरूचे ठिपके, नवी वेसण, नवा कासरा. हे सगळं एकदा नीट काढलं की लाकडी बैलावर त्याचीच छोटी नक्कल करता येते : झूल म्हणजे जुन्या ब्लाउजचा तुकडा, बाशिंग चॉकलेटच्या चांदीचं. पोर खऱ्या बैलाकडे बघून आपला बैल सजवतोय हे न लिहिता कळतं.

लाकडी बैलाला पाटावर चार चाकं आणि पुढे ओढायची दोरी. दोरी प्रत्येक पानावर त्याच बाजूला आणि त्याच रंगाची ठेवा. मुलं मोजतात. चाक तीनच दिसलं तर विचारतात. यासाठी चित्रकाराने आधी एक नमुना-पान करावं : प्रत्येक पात्र समोरून, बाजूने, मागून, कपड्यांचे रंग ठरलेले. एका दिवसात कपडे बदलत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बदलायला हवेत. दिवस बदलला हे तेवढ्यावरून कळतं.

घर कोणाचं ते ठरवा. वाडा, चूल, नऊवारी हे सोपं चित्र झालं, पण वाचणारी मुलं महालातल्या गल्लीत, मानेवाड्यातल्या फ्लॅटमध्ये, वस्तीतल्या दोन खोल्यांत राहतात. गॅसची शेगडी, कुकर, पाचवारी नेसलेली चष्मेवाली आजी चालेल. बोजारा मागत फिरताना पाच दारं दाखवाल ना, ती पाच तऱ्हेची ठेवा. कुणी नाणं देतं, कुणी दहाची नोट, कुणी बिस्किटाचा पुडा.

मारबत घ्यायला माझी हरकत नाही, पण ती बाईसारखी रंगवू नका. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, मागून डोकावणाऱ्या कामट्या, धरलेले हात असं सगळं दिसू द्या. बनवलेली वस्तू आहे हे कळलं की भीती निम्मी होते.

कच्चाखर्डा

@गेरूचे ठिपके, बाकी सगळं पटलं, मारबतीवर मतभेद. बांबू-कागद दाखवून भीतीचा प्रश्न सुटेल, अर्थाचा नाही. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. काळीमागे नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाईंच्या इंग्रजधार्जिण्या वागण्याचा राग सांगितला जातो. पाच वर्षांच्या पोरापुढे हे काहीच न सांगता नुसतं "काळी वाईट, जाळून टाका" उरतं. वर्गात सावळ्या मुलीला त्यावरून चिडवलं गेलं तर पुस्तकानेच सोय करून दिल्यासारखं.

शिवाय ती मिरवणूक दिवसाची, तान्हा पोळा संध्याकाळचा. गोष्टीच्या मधोमध दुसरी गोष्ट घुसते.

गेरूचे ठिपके

रंगाचा मुद्दा मान्य. पण नागपूरच्या तान्हा पोळ्यात मारबत अजिबातच नाही म्हणजे शहर ओळखू येणार नाही. मधला मार्ग असा : दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या चित्रात गच्चीतून दिसणारी गर्दी, दूरवर पिवळ्या मारबतीचा वरचा भाग, पोराच्या हातात झूल शिवायची सुई-दोरा. मजकुरात फक्त खालून येणारी आरोळी, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" ज्याला माहीत आहे तो बोट दाखवेल, बाकीच्यांना आईबाबा सांगतील. इतिहास हवा तर कव्हरच्या आतल्या बाजूला मोठ्यांसाठी सहा ओळी.

कच्चाखर्डा

असं असेल तर चालेल. बडगे मात्र नकोत. ते त्या त्या वर्षीच्या राजकारणावर असतात, पुढच्या पोळ्याला पुस्तक शिळं होईल.

खिळेजुळारी

छपाईचं. ३०० प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटलच करा. हजाराच्या आसपास गेलात की ऑफसेटचा विचार.

आकार : डिजिटलचा कागद साधारण १३ × १९ इंचांचा. त्यावर ८.५ इंची चौरस पुस्तकाचं एकच जोडपान (१७ × ८.५) बसतं, आणि ए-फोर उभ्या पुस्तकाचंही एकच. म्हणजे कागद दोन्हीला सारखाच लागतो, चौरसात फक्त कापून जास्त जातो. चौरस स्वस्त पडेल या समजुतीत राहू नका. चित्रांना आडवी जागा हवी म्हणून चौरस घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण कारण ते असू द्या.

कागद आत १३० जीएसएम (कागदाच्या जाडीचं, वजनाचं माप) मॅट आर्ट, कव्हर २५० ते ३०० जीएसएमचं मॅट लॅमिनेशनसह. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि गोल करून बसलेल्या मुलांपैकी अर्ध्यांना चित्र दिसत नाही. कडेला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा चित्र सोडा, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते. मजकूर आणि चेहरे कडेपासून किमान १० मिलिमीटर आत. मधल्या घडीपासून १२ ते १५. आजीचं नाक घडीत गेलेली पुस्तकं भरपूर आहेत.

आणखी एक, हे फार कोणी सांगत नाही. पिनांच्या पुस्तकात १२-१३ हे एकच जोडपान सलग एका कागदावर येतं. बाकीच्या जोडपानांचे दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात, ते एक-दोन मिलिमीटर वरखाली होऊ शकतात. तेव्हा घडीवरून आडवी जाणारी सरळ रेघ (तोरण, दोरी, रस्त्याची कड) दुसरीकडे टाळा आणि सगळ्यात मोठं पसरट चित्र १२-१३ वर घ्या.

रंग : चित्रं ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), सीएमवायके (छपाईचे चार रंग) करून पडद्यावर तपासा. हिरवं मरतं, सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी मळकट दिसते. हे आधीच माहीत असलं तर चित्रकार बाजूला लाल मिरची ठेवून ते हिरवं उठवते. हळदीच्या, डाळीच्या पिवळ्यात निळा शून्य ठेवा, चार-पाच टक्के जरी शिरला तरी पिवळा हिरवट होतो. सावळ्या चेहऱ्यांत काळा आणि निळा कमी करून लाल-पिवळ्यावर भर, नाहीतर चेहरे राखेसारखे छापले जातात. जलरंग असतील तर फिकट पिवळा हात स्कॅनमध्ये उडतो, तो कागदावर थोडा गडदच द्या. सगळ्या पुस्तकाच्या आधी एक जोडपान त्याच कागदावर छापून घ्या. पडद्यावर बघून "ओके" देऊ नका.

अक्षरं : मजकूर चित्रात हाताने लिहून घेऊ नका, वेगळ्या थरावर फक्त काळ्यात ठेवा. उद्या गोंडी किंवा हिंदी आवृत्ती काढायची झाली तर चित्रांना हात लावावा लागत नाही, आणि चार रंगांत छापलेलं बारीक अक्षर रंग किंचित सरकला की अस्पष्ट दिसतं तेही टळतं. आकार २० ते २४ पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार एकमेकांत अडकतात. बालू किंवा मुक्त हे खुले युनिकोड फाँट चांगले आहेत. भाषा "मराठी" निवडायची, हिंदी नाही, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि मुलं शाळेत वेगळे गिरवतात. इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय लावला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून आणला असेल तर "ऱ्य", "ऱ्ह" आणि रफार डोळ्यांनी तपासा. "सोऱ्या"चा "सोर्या" तिथेच होतो. छापखान्याला फाँट बसवलेली पीडीएफ द्या, उघडी फाईल नको.

कोपरे गोल कापून घ्या. पिनांची टोकं आत नीट दाबली आहेत का, ते प्रती ताब्यात घेताना बोट फिरवून बघा.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. १२-१३ चं वाचून आराखडा असा बदललाय : २ ते ११ पोळ्याचा दिवस, म्हणजे पाच जोडपानं पुरणपोळीची, त्यात शेवटच्या ८-९ आणि १०-११ वर नैवेद्य आणि शब्दांशिवायचा पोळा, १२-१३ वर गच्चीतून दिसणारं शहर, १४ ते २३ लाकडी बैल आणि पाच दारं. मजकूर ३४० शब्दांवर आलाय.

दोन गोष्टी राहिल्या. झडती घ्यायची झाली तर परवानगी लागते का? आणि चित्रकार मुलीशी काय लिहून घ्यायचं? ती "नाव छापा, बास" म्हणते.

कच्चाखर्डा

परंपरेने चालत आलेली झडती घ्यायला हरकत नाही, पण खात्री करा की ती खरंच पारंपरिक आहे. हल्लीच्या कवींनी लिहिलेल्या झडत्याही फिरतात, आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. दोन ओळीच घ्या; चार वर्षांच्या मुलाला अख्खी झडती कळत नाही.

"नाव छापा, बास" वर थांबू नका. हक्क द्यायचे तर कायद्याने ते लेखीच लागतात. कागदावर मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून चार गोष्टी स्पष्ट लिहा : कोणत्या भाषांसाठी, किती प्रती किंवा किती वर्षं, ई-पुस्तक धरून की वगळून, आणि मूळ चित्रं कोणाची (ती तिचीच राहू द्या). मानधन दोन-तीन टप्प्यांत : डमी मंजूर झाल्यावर, रंगीत चित्रं दिल्यावर, छपाईआधी. दुरुस्त्यांच्या फेऱ्याही ठरवा, पेन्सिलीत दोन, रंगात एक. रंग भरून झाल्यावर "आजीला पाचवारी करा" म्हणणं हा अन्याय आहे. नाव कव्हरवर, लेखकाच्या नावाइतक्याच आकारात.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. अर्ज छपाईच्या तोंडावर करू नका, कागदपत्रांत काही खुसपट निघालं तर आठवडे जातात आणि तोवर कव्हर अडकून राहतं.

पुरणयंत्र

८-९ वर नैवेद्य आहे ना, तिथे पोळीवर तुपाची धार जरा सढळ हाताने काढायला सांगा तिला. नागपूरचं घर आहे म्हटलं.